पंगत आणि पंच

मंडळी कशाला म्हणावे, याचे ल्यूथरन परंपरेने दिलेले उत्तर अगदी आटोपशीर आहे. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबातील सातव्या कलमाचा आशय असा : जिथे शुभवर्तमान शुद्ध स्वरूपात सांगितले जाते आणि संस्कार योग्य रीतीने दिले जातात, तिथे मंडळी आहे. एकोप्यासाठी एवढे पुरते, माणसांनी पाडलेल्या रूढी सगळीकडे सारख्या असण्याची गरज नाही. या व्याख्येत कुळ, भाषा, धंदा, शरीराची अवस्था यांपैकी कशालाच जागा नाही, त्यामुळे वरवर पाहता ल्यूथरन मंडळी सर्वांना सामावणारी असायलाच हवी. मात्र शुद्ध काय आणि योग्य काय हे कोणी ठरवायचे, याबद्दल हे कलम काही बोलत नाही. मार्टिन ल्यूथरने १५२० मध्येच प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेला माणूस याजक आहे असे मांडले होते. ते शब्दशः घेतले तर ठरवण्याचा अधिकार सर्वांचा होतो. प्रत्यक्षात जर्मनीत तो राजेरजवाड्यांकडे गेला आणि हिंदुस्थानात मिशनऱ्यांकडे.

छत्तीसगढमधील दीडशे वर्षांहून अधिक काळचा मिशनचा इतिहास याच फटीतून वाचला पाहिजे. वगळलेल्या माणसाला पंगतीला बसवायला मंडळ्या एक वेळ तयार झाल्या, पण त्याला पंचांत बसवायला त्यांना पिढ्या लागल्या. काही बाबतींत ते अजून व्हायचे आहे.

रायपूरच्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या आज नावाने ल्यूथरन नाहीत, म्हणून त्यांची वंशावळ आधी सांगावी लागते. प्रशियाच्या राजाने १८१७ मध्ये ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड अशी दोन्ही घराणी एका छपराखाली आणली. त्या संयुक्त परंपरेतले जर्मन अमेरिकेत जाऊन वसले, आणि त्यांच्या एका मिशनरी संस्थेने १८६८ मध्ये ओस्कार लोर यांना रायपूरला पाठवले. लोर हिंदुस्थानला नवखे नव्हते. गोस्नर मिशनचे कार्यकर्ते म्हणून त्यांनी रांचीच्या बाजूला काही वर्षे काढली होती आणि १८५७ च्या उठावात त्यांना तिथून निघावे लागले होते. रांचीची गोस्नर मंडळी पुढे स्वतंत्र ल्यूथरन चर्च झाली. १९१९ पासून ती स्वायत्त आहे आणि तिचे उराँव-मुंडा सभासद आजच्या छत्तीसगढच्या उत्तर भागातही आहेत. पश्चिमेला छिंदवाड्याकडे स्वीडिश मिशनमधून उभे राहिलेले मध्य प्रदेशचे ल्यूथरन चर्च आहे. रायपूरचे घराणे या दोहोंच्या मधले : कुळ ल्यूथरचे, नांदणे संयुक्त. १८८४ मध्ये हे काम अमेरिकेतील जर्मन इव्हँजेलिकल सिनडने आपल्याकडे घेतले. 

लोर यांच्यापुढे जातीचा प्रश्न आला तो नव्याने नव्हे. हिंदुस्थानातील पहिली ल्यूथरन मंडळी त्रांकेबारची, तिथे मिशनरी त्सीगेनबाल्ग १७०६ मध्ये उतरले. १७१८ च्या त्यांच्या नव्या चर्चमध्ये जातवार वेगळे बसण्याची चाल राहिली. पुढे राजनायकन नावाच्या दलित उपदेशकाला पाळकपदाची दीक्षा मिळाली नाही, कारण त्याच्या हातून प्रभुभोजन घ्यायला वरच्या जातीचे ख्रिस्ती तयार होणार नाहीत ही धास्ती. एकोणिसाव्या शतकात लाइपझिग मिशनने जात ही सामाजिक रीत मानून ती चालू दिली, तेव्हा इतर मिशनांनी त्यावर रान उठवले. रूढी सारख्या असण्याची गरज नाही या सातव्या कलमाच्या उदार वाक्याचा असाही उपयोग करता येतो. जात ही रूढी आहे म्हटले की तिला चर्चमध्ये बाक मिळतो.

छत्तीसगढमध्ये परिस्थिती उलटी होती. लोर यांनी आपले काम ज्या सतनामी समाजात सुरू केले, त्याने जातीची उतरंड स्वतःच नाकारली होती. गिरौदपुरीच्या घासीदासांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निराकार सतनामाचा पंथ उभा केला. मूर्ती नको, ब्राह्मण पुरोहित नको, मांस-तंबाखू नको, माणसामाणसांत उच्चनीच नको, ही त्याची शिकवण. छत्तीसगढमधले बहुसंख्य चर्मकार त्यात आले. पंथाची गुरुगादी भंडार गावी होती. ज्या लोकांनी मूर्ती टाकल्या ते ख्रिस्ती होण्याच्या अर्ध्या वाटेवर आहेत, असा मिशनऱ्यांचा हिशेब होता आणि तो साफ चुकला. सतनाम्यांना बाहेरून कोणी येऊन समता शिकवण्याची वाट पाहायची गरज नव्हती, ती त्यांच्याकडे होती. त्यांना हवे होते मालगुजाराच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकाच्या, जाचातून संरक्षण, कसायला जमीन, आणि दुखण्याला औषध.

हे तिन्ही लोर यांच्याकडे होते. रायपूरच्या उत्तरेला त्यांनी सरकारकडून सुमारे दीड हजार एकर पडीक जमीन घेतली आणि बिश्रामपूर वसवले. नाव विसाव्याचे ठेवले खरे, पण गावाची रचना मालगुजारीचीच होती. जमिनीचा मालक मिशनरी, सारा घेणारा मिशनरी, शाळा त्याची, औषधाची पेटी त्याची, चर्चचे व्यासपीठ त्याचे, आणि भांडण झाले तर निवाडाही त्याचा. गावातली माणसे त्याला साहेब म्हणत, आणि त्या शब्दात पाळक व धनी यांत फरक करण्याची सोय नव्हती. बाहेरच्या गावात ज्याला पाटलाच्या दारात उभे राहता येत नव्हते तो इथे चर्चच्या बाकावर बसत होता, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेत होता. तो प्याला क्षुल्लक समजू नये. ज्या प्रदेशात कोणाच्या हातचे पाणी चालते यावर माणसाची किंमत ठरत होती, तिथे गुडघे टेकून रांगेने एकाच पात्राला ओठ लावणे म्हणजे सर्वांसमक्ष केलेली कबुली होती. पण प्याला पुढे करणारा हात आणि सारा गोळा करणारा हात एकच होता, हेही तितकेच खरे.

पंच कोण, हा प्रश्न सगळ्यांत आधी लग्नाच्या बाबतीत पेटला. १८९० च्या सुमारास बिश्रामपूरच्या मंडळीसाठी नियमांची पुस्तिका झाली. मूर्तिपूजेला बंदी, जातिभेदाला बंदी, लग्नाचे नियम, शिस्तीचे नियम. जातिभेदाला बंदी करणाऱ्या त्याच पुस्तिकेच्या जोरावर माणसे मंडळीबाहेर काढली जाऊ लागली. छत्तीसगढच्या खालच्या मानलेल्या जातींत चूडीची रीत होती. एखादी बाई नवऱ्याला सोडून दुसऱ्या पुरुषाकडे राहायला गेली की तो तिला बांगड्या भरी, पहिल्या नवऱ्याला भरपाई दिली जाई, जातपंचायत दंड आणि जेवण घेई, आणि संबंध मान्य होई. बाईला नको असलेल्या संसारातून बाहेर पडण्याची ती वाट होती. मिशनऱ्यांच्या लेखी हा उघड व्यभिचार होता. असे जोडपे मंडळीतून वजा होई, पुष्कळदा थोड्या काळाने पश्चात्ताप मान्य करून परत घेतलेही जाई. इतिहासकार सौरभ दुबे यांनी बिश्रामपूरच्या कागदपत्रांवरून दाखवले आहे की नवख्रिस्ती लोकांनी ही शिस्त निमूट स्वीकारली नाही. चूडी चालूच राहिली, आणि बहिष्कार व पुनःप्रवेश यांकडे लोक आपल्या जुन्या जातपंचायतीच्या नजरेनेच पाहत राहिले.

इथे दोन पद्धतींची टक्कर होती, आणि सामावून घेण्याच्या बाबतीत मिशनची पद्धत सरस होती असे सरसकट म्हणता येत नाही. जातपंचायत जन्माने बाहेरच्याला कधीच आत घेत नसे, पण आतल्या चुकलेल्याला एका जेवणावर परत घेत असे. मिशन जन्म विचारत नसे, वागणूक मात्र बारकाईने तपासत असे. बाईच्या दृष्टीने पाहिले तर पंचायतीने उघडी ठेवलेली एक खिडकी मिशनने बंद केली. त्याच मिशनने तिच्यासाठी शाळेचे दार उघडले, रायपूरची सालेम कन्याशाळा त्याच परंपरेतली. तिला यांपैकी काय हवे होते हे दोन्हीकडच्या पंचांनी विचारले नाही, कारण दोन्हीकडे पंच पुरुष होते.

जातीचा काटा दुसऱ्या बाजूनेही रुतला. बिश्रामपूरला येणारे जवळजवळ सगळे एकाच समाजातले. नात्यागोत्याने माणसे आली, नात्यागोत्यातच लग्ने लागली, आणि आसपासच्या गावांच्या लेखी ‘इसाई’ ही आणखी एक जात झाली. वगळलेल्यांसाठी उघडलेली मंडळी एकजातीय झाली की बाहेरच्याला तिच्यात पाऊल टाकणे जड जाते, आणि आतल्यांना जुन्या भाऊबंदांशी नाते तोडल्याचा बट्टा लागतो. हे नाते मात्र लोकांनी तोडले नाही. टोपीवाल्या साहेबाचे येणे घासीदासांनी आधीच सांगून ठेवले होते, अशा कथा बिश्रामपूरच्या ख्रिस्ती समाजात रुजल्या. एम. एम. पॉल या स्थानिक ख्रिस्ती लेखकाने १९३० च्या दशकात सतनामी पंथावर हिंदीत पुस्तक लिहिले. या कथांत घासीदास परके नाहीत, घरचेच वडीलधारे आहेत. मिशनला जे जमले नाही ते या कथांनी केले : जुना गुरू आणि नवा प्रभू एका वंशावळीत बसवले. भाषेच्या बाबतीतही असेच घडले. ज्युलियस लोर या ओस्कार यांच्या मुलाने मार्कचे शुभवर्तमान छत्तीसगढीत आणले. हिरालाल काव्योपाध्याय यांचे छत्तीसगढीचे व्याकरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे. बोली म्हणून हिणवली गेलेली भाषा उपासनेत आली, तरी चर्चचा कारभार, इतिवृत्ते आणि शाळा हिंदीत राहिल्या. पंचांची भाषा पंगतीच्या भाषेहून वेगळी पडली.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मंडळीचे रूप पालटले. अनाथ मुले आली, आणि जातीची कुंपणे उपासमारीने आधीच मोडून ठेवली होती. चंदखुरीला १८९७ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. गावाने वेशीबाहेर टाकलेल्यांना तिथे छप्पर मिळाले, औषध मिळाले, आणि त्यांची स्वतःची उपासनाही सुरू झाली. समावेशाची ही बाजू मिशनच्या बाजूने बोलणारी आहे आणि तिच्याविषयी हात आखडून लिहिण्याचे कारण नाही. रायपूर शहरातील सेंट पॉल्स शाळा, मिशनरी जेकब गास यांच्या नावाचे केंद्र, तिल्द्याचे मिशन हॉस्पिटल, ही सगळी त्याच ओघातली. या संस्थांचे लाभार्थी बहुतांशी ख्रिस्ती नव्हते, आजही नाहीत.

या दुष्काळांच्या थोडे आधी, रायपूरपासून सत्तर किलोमीटरवरच्या राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत एका मराठी कवीच्या हाती एका मिशनऱ्याने नवा करार दिला. नारायण वामन टिळक राजनांदगाव संस्थानात नोकरीला होते. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्या संसाराची झालेली परवड लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त मराठी वाचकाने वाचलेली आहे. इथे महत्त्वाचा आहे तो टिळकांचा शेवटचा टप्पा. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ताला मानणारा, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, या दरबारात बरोबरीने बसू शकत होता. टिळक १९१९ मध्ये गेले आणि दरबार रुजला नाही. पण मिशनच्या पगारावर राहून पंच होता येत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. बिश्रामपूरच्या कुळाला आणि या मराठी कवीला एकच अडचण होती, फरक एवढाच की कवीला राजीनामा देण्याची सोय होती.

स्वातंत्र्यानंतर मिशनरी गेले आणि राज्य आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली, ती अमलात आलेली नाही. परिणामी सतनामी कुटुंबातील एका भावाला जातीचा दाखला मिळतो, बाप्तिस्मा घेतलेल्या दुसऱ्याला नाही. नोंदवहीत आपण कोण आणि रविवारी आपण कोण, असे दोन हिशेब ठेवण्याची पाळी काहींवर येते. अशा माणसांना सभासद मानायचे की नाही, यावर पाळकाला नुसत्या तत्त्वाने उत्तर देता येत नाही.

१९५० च्या दशकात रायपूर जुन्या मध्य प्रदेशात होते आणि राजधानी होती नागपूर. तिथल्या सरकारने न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कामाची चौकशी करायला समिती नेमली. १९५६ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने मिशनांवर आमिष आणि परदेशी पैसा यांचा ठपका ठेवला. त्याच वर्षी त्याच नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धर्म स्वीकारला. गरीब माणूस धर्म बदलतो तो कोणाच्या तरी सांगण्यावरून, हे अहवालाचे गृहीतक, आणि गरीब माणूस विचार करून धर्म बदलू शकतो, हा दीक्षाभूमीवरचा दाखला. मिशनला अहवालाचे उत्तर देणे जड गेले, कारण बिश्रामपूरचा मालगुजार-पाळक तो आरोप पूर्णपणे खोटा ठरू देत नव्हता.

पुढे धर्मांतरावर बंधने घालणारा १९६८ चा मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य कायदा आला. त्याखालचा गाजलेला खटला बलौदाबाजारचा, म्हणजे बिश्रामपूरच्याच मुलखातला. आरोपी कॅथलिक धर्मगुरू होते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. छत्तीसगढ राज्य झाले तेव्हा हा कायदाही वारशाने आला. २०११ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती १.९२ टक्के, साधारण ४.९ लाख होते. एवढ्या लहान समाजाची धर्मसेवा आता मुख्यतः शिक्षण, आरोग्य आणि आपसांतला आधार अशीच उरते. याने तिची धार गेली असे काहींना वाटते. पण संख्या वाढवण्याचे दडपण कमी झाले की आत असलेल्यांशी आपण कसे वागतो, हा प्रश्न टाळायला निमित्त राहत नाही.

संघटनेच्या पातळीवर रायपूरच्या मंडळ्या आधी युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा भाग झाल्या. या ऐक्यात सहा चर्च एकत्र आली, ल्यूथरन बाहेर राहिले. रायपूरच्या ल्यूथर-वंशी मंडळीला बिशप मिळाला तो असा, ऐक्याच्या वाटेने. पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीवर, स्थानिक माणसे निवडून येऊ लागली. पंचांची जागा अखेर मिळाली, आणि तिच्याबरोबर जुन्या मिशनच्या जमिनी, शाळा व त्यांच्यावरून होणारे कोर्टकज्जेही मिळाले. उत्तर हिंदुस्थानातील चर्चच्या निवडणुका पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे की मिळकतीचा कारभार हाताशी असला की निवडणुकीला जोर येतो, आणि बायका, तरुण, अलीकडे शहरात आलेले आदिवासी यांची नावे पॅनेलमध्ये शेवटी लिहिली जातात.

अशाच दुखण्यावर उपाय म्हणून ल्यूथरन जागतिक संघाने १९८४ च्या बुडापेस्ट अधिवेशनात आपल्या सभा-समित्यांत स्त्रियांना किमान ४० टक्के आणि तरुणांना २० टक्के जागा देण्याचे धोरण धरले. त्याच अधिवेशनात वर्णभेद न सोडणाऱ्या, आफ्रिकेच्या दक्षिण भागातील दोन गोऱ्या चर्चचे सभासदत्व स्थगित झाले. प्रभुभोजनाला कोण कोणाबरोबर बसतो हा श्रद्धेचाच प्रश्न आहे, रूढीचा नाही, असे यातून स्पष्ट झाले, आणि लाइपझिग मिशनला शंभराहून अधिक वर्षांनी उत्तर मिळाले. दलितांच्या प्रश्नावर मार्च २००९ मध्ये बँकॉकला ल्यूथरन संघ आणि जागतिक चर्च परिषद यांनी मिळून परिषद भरवली, तिची दिशाही हीच. कोटा ही गोष्ट धार्मिक कानांना खटकते, निवडीत पवित्र आत्म्याचा हात असतो असे म्हणणाऱ्यांना तर जास्तच. पण ज्या निवडीत आत्मा दर वेळी त्याच चार घरांतून माणूस उचलतो, तिथे आकडा घालून देणे बरे.

आजच्या जगात समावेशक ल्यूथरन मंडळी म्हटले की मुख्यतः समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींचे स्वागत करणारी मंडळी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतील मोठ्या ल्यूथरन चर्चने २००९ मध्ये जोडीदारासह राहणाऱ्या समलिंगी पाळकांना मान्यता दिली. रायपूर मिशनचे मातृचर्च १९५७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये विलीन झाले, आणि त्या चर्चने १९७२ मध्येच उघडपणे समलिंगी असलेल्या तरुणाला दीक्षा दिली. चूडीसाठी माणसे बाहेर काढणाऱ्या मिशनचे मूळ घर शंभर वर्षांच्या आत इतके बदलले, यावरून शिस्तीचे नियम किती काळाचे असतात याचा अंदाज यावा. भारतात चर्चचा अधिकृत विवाह स्त्री-पुरुषाचाच आहे. नागपुरात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय चर्च परिषदेने लैंगिक विविधतेवर चर्चा सुरू केली, ती चर्चासत्रांतून पास्टरेट कमिटीपर्यंत क्वचितच उतरली. राज्य या बाबतीत पुढे गेले. २०२१ मध्ये छत्तीसगढ पोलिसांत १३ तृतीयपंथी व्यक्तींची शिपाई म्हणून निवड झाली. रायपूरच्या चौकात गणवेशात उभ्या असलेल्या व्यक्तीला रविवारी कोणत्या बाकावर बसायचे हे विचारावे लागणार असेल, तर त्रांकेबारची बैठकव्यवस्था अजून मोडलेली नाही.

मंडळीत कोणाला जागा आहे हे अखेर दफनभूमीत कळते, आणि तिथे मंडळीच्या हातात सगळे नसते. बस्तरमधील छिंदवाडा गावात एका ख्रिस्ती पाळकाचे जानेवारी २०२५ मध्ये निधन झाले. गावच्या दफनभूमीत पुरायला गावकऱ्यांचा विरोध झाला. मृतदेह वीस दिवस शवागारात राहिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. शेवटी वीस-पंचवीस किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. अशा वेळी शहरातील मंडळी काय करते, यावर तिची समावेशकता ठरते. रायपूरच्या मंडळीकडे स्वतःची दफनभूमी आहे, वकील आहेत, शाळा-हॉस्पिटलांमुळे प्रशासनात ओळखी आहेत. खेड्यातल्या, बहुधा स्वतंत्र पंथाच्या, नोंदणीही नसलेल्या छोट्या प्रार्थनागटांकडे यांतले काही नाही. हे गट जुन्या चर्चच्या लेखी आगंतुक, त्यांची उपासना गोंगाटाची, त्यांचे पाळक अल्पशिक्षित. लोर यांच्या पहिल्या सभासदांविषयी रायपूरच्या तेव्हाच्या प्रतिष्ठितांचे मत याहून वेगळे नसणार. या गटांच्या प्रतिनिधींना जिल्हा पातळीवरच्या ख्रिस्ती सभांत बोलावले जाते तेव्हा त्यांना मागच्या खुर्च्या मिळतात, आणि निवेदनाचा मसुदा आधीच तयार असतो.